चाळीस सेकंद

स्वयंपाकघरातून ओरडा आला तेव्हा हौसेराव हॉलात नाकावरचा चष्मा पुसत होते. पकड होऊन गेली होती. रबाळेच्या पोरीला सानपाड्याच्या चौघींनी कमरेपासून उचलून आडवी केली होती, पंचाची शिट्टी वाजली होती, फलकावर गुणही चढला होता. हे सगळं त्यांनी टीव्हीवर बघितलं होतं, छातीतून वर आलेला ओरडा दातांमागं धरून ठेवला होता आणि सवयीनं मनातल्या मनात मोजायला लागले होते. छत्तीस, सदतीस. चाळीसला बरोबर आतून गर्दी ओरडली, समालोचकाचा घोगरा आवाज आला, "पकड! काय पकड आहे!" आणि हौसेराव दचकले. रोज दचकायचे. आठ महिने झाले, स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मोहरीच्या डब्याला टेकवून ठेवलेला बायकोचा, शकुबाईचा मोबाईल होता, तो त्यांनी स्वतःच साडेपाच वाजता चालू करून ठेवला होता, आणि तरी प्रत्येक वेळी तो ओरडला की त्यांना वाटायचं, आत माणूस आहे.

दुपारी स्वराजचा फोन आला होता, करंजाड्याहून. मुलगा चांगला, आठवड्यातून दोनदा फोन करणारा. "अण्णा, उद्या माणूस येतोय केबल काढायला. मी नवीन टीव्ही बुक केलाय, त्यावर डायरेक्ट नेटवरनं सगळं दिसेल. कबड्डी मंडळाचं लाइव्ह पण."

"केबल असू दे की."

"कशाला दोन-दोन? तुमचा तो बॉक्स तापतो, मधेच बंद पडतो, मग तुम्हीच शिव्या घालता."

"मग दोन्ही एकदमच दिसणार? मोबाईलवर आणि टीव्हीवर?"

"हां, बरोबरच. मागंपुढं नाही. बेस्ट ना?"

हौसेराव म्हणाले, "बघू." हे मागंपुढंच पाहिजे, असं मुलाला कसं सांगायचं? ज्याला ऐकायचं त्यालाही विचित्र वाटलं असतं. म्हणजे आजची फायनल ही शेवटची. उद्यापासून हॉल आणि स्वयंपाकघर एकाच वेळेला ओरडणार. मधले चाळीस सेकंद उद्या दुपारपर्यंत संपणार, वायरीबरोबर गुंडाळून तो माणूस घेऊन जाणार.

ते चाळीस सेकंद पाच वर्षांपूर्वी घरात आले. त्याआधी संध्याकाळच्या सामन्यांना शकुबाई भाकरी थापता थापता हॉलाच्या दारापर्यंत यायची, पिठाचे हात वर धरून दोन चढाया बघायची आणि तव्यावरची करपल्याचा वास आला की पळायची. मग स्वराजनं तिला मोबाईल घेऊन दिला, आणि सानपाड्याच्या पोरींचा सह्यकन्या संघ खेळणार असला की ती त्यावर मंडळाचं लाइव्ह लावायला शिकली. केबलवर गावचं चॅनल, नंबर नव्याण्णव, तेही तेच दाखवायचं. पण मोबाईलवर तेच चित्र चाळीस सेकंद उशिरा यायचं. का यायचं ते कोणाला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी हौसेराव हॉलातून ओरडले, "घेतली! दोघींना घेऊन आली!" आणि आतून शकुबाईचा आवाज आला, "अवो, सांगू नका! माझं अजून यायचंय!" त्या रात्री तिनं भाकरी ताटात ठेवताना नेहमीपेक्षा जरा उंचावरून ठेवली. हौसेरावांना कळलं, की हे थट्टेवारी नेण्यासारखं नाही. ती लहानपणी कोरेगावकडं पोरापोरींत हुतूतू खेळायची. गुडघ्यावर मोठा व्रण होता. चौदाव्या वर्षी लग्न ठरलं आणि खेळ सुटला. तिला चढाईची नुसती हौस नव्हती, तिला ती अंगात कळायची. "बोनस नको गं, मागं ये, मागं ये, ती कोपऱ्यातली दबा धरून हाय," असं ती मोबाईलशी बोलायची, आणि चाळीस सेकंद आधी हौसेरावांनी बघितलेलं असायचं, की कोपऱ्यातली खरंच दबा धरून होती.

मग हौसेराव गप्प बसायला शिकले. त्यांना ते जमण्यासारखं होतं. पस्तीस वर्षं कांदा-बटाट्याच्या मार्केटात पाठीवर पोती वाहिली होती. तिथं पहिल्याच दिवशी मुकादम मानसिंगनं सांगितलं होतं, पोतं पाठीवर असताना बोलायचं नाय. दम धरायचा, गाळ्यापर्यंत जायचं, पोतं उतरवायचं आणि मग काय बोंब मारायची ती मारायची. बोललास की दम सुटतो, दम सुटला की गुडघा जातो. ओरडा तसाच धरता येतो, हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं. गुण मिळाला की तोंड मिटायचं, मोजायला सुरुवात करायची. तीस झाले की उठायचं. हॉलातून स्वयंपाकघरापर्यंत अकरा पावलं. दारात उभं राहायचं. ती पाठमोरी नसायची, ओट्याशी जरा तिरकी उभी असायची, मोबाईलचा उजेड तिच्या गालावर. मग तिचं यायचं. तिचे डोळे मोठे व्हायचे, पिठाच्या हाताची उलटी बाजू तोंडावर जायची, बांगड्या सरकून कोपरापर्यंत यायच्या, आणि ती ओरडायची, "अगं माझे बाई!" त्याच क्षणाला हौसेराव आपला धरलेला ओरडा सोडायचे. दोघं मिळून. सामन्यापेक्षा त्यांना ते आवडायला लागलं होतं. सामना सगळ्या बिल्डिंगला दिसत होता. ते तोंड फक्त त्यांना दिसायचं. कुठलीतरी चांगली गोष्ट तिच्याआधी आपल्याला माहीत आहे आणि ती तिच्याकडे येत आहे, वाटेत आहे, आता पोचेल, ह्या मोजण्यात त्यांना इतका आनंद व्हायचा, की कधीकधी टीव्हीवर पुढची चढाई निघून जायची आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

एकदाच उलटं झालं. नेरूळच्या बाजूला एका दवाखान्यात तिला ठेवलं होतं, चौथा दिवस, ताप उतरला म्हणाले होते. हौसेराव खाली जाऊन दोन चहा घेऊन येत होते. लिफ्टमधून उतरल्यापासून माणसं त्यांच्याकडे बघत होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून भिंतीला टेकून उभी होती, तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. सगळ्यांना माहीत होतं. ते चहा सांडू नये म्हणून हळूहळू चालत होते, आणि सगळा व्हरांडा त्यांच्या पुढं होता, आणि कोणीही सांगितलं नाही. माझं अजून यायचंय, असं काही ते तेव्हा म्हणाले नाहीत. पण नंतर अनेकदा त्यांना वाटलं, की म्हणायला हवं होतं, आणि तिथंच थांबायला हवं होतं, दोन्ही हातात चहा घेऊन.

तेव्हापासून ते ओरडले नव्हते. सामने बघत होते. सह्यकन्यानं ह्या मोसमात घणसोलीला हरवलं, करळला हरवलं, सेमी फायनल शेवटच्या चढाईवर जिंकली. पोरांनी जिन्यात धिंगाणा घातला. हौसेरावांनी प्रत्येक वेळी तोंड मिटलं, चाळीस मोजले, आतून मोबाईल ओरडला, आणि त्यांचा ओरडा तिथंच राहिला. उतरवायला जागाच नव्हती. अकरा पावलं ते चालत नसत. पोतं पाठीवर घेऊन माणूस किती दिवस उभा राहील?

मध्यंतराला सोळा–अठरा, सानपाडा मागं होतं. आजचा सामना काही वेगळाच चालला होता. रबाळेची उंच पोरगी, पाठीवर नऊ नंबर, तिला कोणी हातच लावू शकत नव्हतं. येते काय, लाथ काय मारते, हसत जाते काय. आणि इकडं तेजश्री. तेजश्री म्हणजे पलीकडच्या बिल्डिंगमधली, बाप नंदकिशोर मार्केटात हौसेरावांच्याच टोळीत होता. ही पोर सहा वर्षांची असताना शकुबाईनं तिला सोसायटीच्या आवारात दम कसा धरायचा ते दाखवलं होतं. साडीचा काष्टा मारून, पन्नाशीतली बाई, वॉचमनसमोर. हौसेरावांना तेव्हा लाज वाटली होती. आज तीच पोर मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावत होती, आणि त्यांच्या डोळ्यांपुढं तो काष्टा येत होता, आणि लाज वाटत होती ती त्या वेळच्या लाजेची.

दुसऱ्या डावात मग उधळलंच सगळं. तेजश्रीनं एका चढाईत दोघी मारल्या. मोजले, आत ओरडा. नऊ नंबरनं परत तिघी काढल्या. मोजले, आत हाय हाय. मग ती पकड, चौघींची, जिच्यावर ते दचकले. पंचवीस–सत्तावीस. अठ्ठावीस–अठ्ठावीस. हौसेराव आता खुर्चीवर नव्हते, खुर्चीच्या पुढं दोन पायांवर होते, ट्रकच्या फाळक्याखाली उभं राहायचे तसे, गुडघे जरा वाकवून. रस्त्यावरची वाहनं, पंखा, टीव्हीचा आवाज, काही ऐकू येत नव्हतं. शेवटचं मिनिट. एकतीस–एकतीस. नऊ नंबर आली, वेळ काढून, कोणालाही न शिवता परत गेली. आता शेवटची चढाई सानपाड्याची. आणि ती तिसरी होती. आधीच्या दोन रिकाम्या गेलेल्या, म्हणजे आता गुण घेतलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणारीच बाद आणि सामना रबाळेचा. तेजश्री उठली. मध्यरेषेला वाकली. हात रेषेला लागला.

आणि टीव्ही निळा झाला.

हौसेरावांना आधी वाटलं, आपले डोळेच गेले. मग बॉक्सवरचा तांबडा दिवा लुकलुकताना दिसला. त्यांनी बॉक्सवर थाप मारली. बॉक्स चुलीवरच्या तव्यासारखा तापला होता. बटण बंद केलं, चालू केलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. "अरे फिरतोस काय, फिरतोस काय मेल्या!" हे त्यांच्या तोंडून मोठ्यानं निघालं, आणि त्याच वेळी त्यांचे पाय निघाले. अकरा पावलं. सहाच पडली असतील.

स्वयंपाकघरात मोहरीच्या डब्याला टेकून मोबाईल उभा होता, आणि त्यात नऊ नंबर अजून सानपाड्याच्या अंगणात वेळ काढत होती. हौसेरावांनी ओट्याला धरलं. धाप लागली होती. आपण बघितलेलं पुन्हा बघतो आहोत, हे कळायला त्यांना दोन श्वास लागले. नऊ नंबर आता वळणार, डावीकडं हूल देणार, परत जाणार. दिली हूल. म्हणजे तेजश्री अजून उठली नाही. अजून काही झालेलं नाही. बाहेर जगात काय व्हायचं ते होऊन जाईल, पण इथं, ह्या ओट्यावर, अजून काही झालेलं नाही. आठ महिन्यांत ते इथं सामना बघायला कधी उभे राहिले नव्हते; चहा करायला, भात लावायला यायचे. आता तिच्याच जागेवर, तिरके, पोटाला ओट्याची कड लागते आहे. कडेला तिथं दगड जरा गुळगुळीत झाला होता. तिच्या पोटानं.

तेवढ्यात खिडकीतून बिल्डिंग फुटली.

स्वयंपाकघराची खिडकी डक्टात उघडायची. चारी मजल्यांची स्वयंपाकघरं त्या एका अरुंद विहिरीला लागलेली. तिथून असा आवाज वर आला, की ओट्यावरची वाटी थरथरली. शिट्ट्या, ताटं, किंचाळ्या. हॉलात हे कधी ऐकू आलं नव्हतं. तिकडं रस्ता आणि टीव्ही. आणि त्या सगळ्याच्या वर, अगदी खालच्या खिडकीतून, खालच्या मजल्यावरच्या पुतळाबाईंचा आवाज: "शकूताई! आली गं, आली! तिघींना घेऊन आली!"

हौसेरावांनी दोन्ही कानांवर हात मारले. "सांगू नका!" ते ओरडले. "सांगू नका, माझं अजून यायचंय!"

बाकीच्या बिल्डिंगचा गोंगाट चालूच होता. मग पुतळाबाईंचा आवाज आला, खाली उतरलेला. "अगं बाई. भावजी, तुम्ही हाय होय? माफ करा वो. तोंडातनं गेलं. रोज मोबाईल ऐकू येतो वरनं, आणि... सवय हो. चार वर्षं इथनंच सांगायची मी त्यांना."

हौसेरावांनी कानांवरचे हात काढले. मोबाईलमध्ये नऊ नंबर आपल्या बाजूला पोचली होती. "काय सांगायचात?"

"हेच. कोण मारली, कोण धरली. आमच्याकडं केबल, लगेच दिसायचं ना. मी ओरडायची."

"तिला आधी कळायचं?"

"डक्टात सगळी बिल्डिंगच बोंबलते, भावजी. न कळायला काय झालं?" पुतळाबाई हसल्या, आणि त्या हसण्यात पाणी होतं. "मलाच गप करायच्या. हळू बोल म्हणायच्या, ह्यांना ऐकू जाईल. ते येतील आता दारात, मोजत मोजत येत्यात, त्यांना काय कळू देऊ नको."

मोबाईलमध्ये तेजश्री उठली.

ती मध्यरेषेला वाकली, हात कपाळाला लावला, आत शिरली. छोट्याशा काचेत, बोटाएवढी पोर. ती परत येणार आहे हे त्यांना माहीत होतं. तिघींना घेऊन येणार आहे हेही माहीत होतं. आणि तरी ते मोबाईलवर वाकले. उजवा कोपरा गेला, डावा कोपरा. वेळ चालली होती. रबाळेच्या पाच जणी साखळी करून मागं सरत होत्या. "मागं ये," हौसेराव म्हणाले, "नाय, नाय, बोनस नको, कोपऱ्यातली बघ, ती दबा धरून हाय." कोपऱ्यातलीनं सूर मारला. घोटा धरला. तेजश्री आडवी पडली, दुसरी तिच्या पाठीवर आली, तिसरी. ढीग झाला. समालोचकाचा आवाज फुटला. माहीत असणं काही कामाचं नव्हतं. माहीत असूनही पुन्हा पहिल्यापासून भिता येतं, पुन्हा पहिल्यापासून हर्ष होतो. हे तिला चार वर्षं ठाऊक होतं. ह्याच कडेला पोट टेकून, ऐकलेलं सगळं पदराखाली झाकून, ती दाराकडं कान देऊन उभी राहायची, अकरा पावलं मोजत. म्हणजे ती पण मोजायची. ते तिच्याकडं येत होते, वाटेत होते, आता पोचतील. तिचं काही यायचं राहिलं नव्हतं. यायचे होते ते हौसेराव.

त्या ढिगातून एक हात निघाला. मातीनं भरलेला, बोटं पसरलेली. हात वीतभर पुढं सरकला, थांबला, ढीग सगळाच्या सगळा त्याच्यामागं फरफटला. अजून चार बोटं. दम धर पोरी, दम धर, सोडू नको, गाळा आला. अजून दोन.

बोट रेषेला लागलं.

हौसेरावांचा हात आपोआप तोंडावर गेला, उलट्या बाजूनं. पण तो तिथं राहिला नाही. पाठीवरचं पोतं सुटलं. पहिला ओरडा कसा निघाला ते त्यांना कळलं नाही, दुसरा कळला. मग घणसोलीचा निघाला, करळचा, सेमी फायनलचा, आठ महिन्यांतले एकेक, धरून ठेवलेले, दातांमागं वाळून गेलेले. "अगं माझे बाई! घेतली गं घेतली! तिघी!" ते ओट्यावर मूठ आपटत होते, मोहरीचा डबा नाचत होता, डोळ्यांतून पाणी वाहत मिशीत जात होतं, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. डक्टात आता कोणीच ओरडत नव्हतं. सगळ्यांचं ओरडून झालं होतं, लोक जिन्यात गेले होते, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी चालू होती. त्या रिकाम्या विहिरीत एकट्या हौसेरावांचा आवाज चारी मजल्यांवर आपटून परत येत होता.

"अवो भावजी," खालून पुतळाबाई म्हणाल्या, "सगळ्यांचं झालं की ओरडून!"

"होऊ दे!" हौसेराव खिडकीत वाकून ओरडले. "माझं आत्ता आलंय!"

मग ते वळले आणि दाराकडं बघितलं. तिला तिथून जसं दिसत असेल तसं. चौकट, तिच्यामागं हॉलाचा तुकडा, आणि माणूस उभा राहील एवढी जागा.

हॉलात टीव्ही आपोआप सुरू झाला होता. बक्षीस समारंभाची धांदल ऐकू येत होती, कोणीतरी माइकवर फुंकर मारत होतं, आणि तेजश्रीचं नाव पुकारलं गेलं. त्यांचा स्वतःचा मोबाईल खुर्चीवर वाजत होता, स्वराज असणार. उद्या येईल त्या माणसाला केबल खुशाल काढू दे, असं त्याला सांगायचं होतं. मात्र आईच्या मोबाईलला हात लावू नको, मी आता इकडंच बघणार. ते सावकाश सांगता येईल. हौसेरावांनी ओट्याखालून तिचा लाकडी पाट ओढला, ओट्याशी उभा केला, पुन्हा आडवा केला आणि शेवटी पाट सोडून तिच्यासारखे उभेच राहिले, पोट कडेला टेकवून. मोबाईलमध्ये तेजश्री अजून मातीत बसून रडत होती, मैत्रिणी तिला उचलत होत्या. तिचं नाव अजून पुकारलेलं नव्हतं. त्याला चाळीस सेकंद होते.